एका प्रयोगाचे उत्पन्न आणि वर्षानुवर्षांची शुश्रूषा : मानसिक आरोग्यसेवेसाठी कलेतून उभा राहणारा निधी

प्रस्तावना

एखाद्या सत्कार्यासाठी नाटकाचा प्रयोग लावणे, गाण्याची मैफल ठेवणे किंवा चित्रांचे प्रदर्शन भरवून विक्रीची रक्कम संस्थेला देणे ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. शाळेची इमारत, वाचनालयाची वास्तू, पूरग्रस्तांचे पुनर्वसन, रुग्णालयातील एखादे यंत्र अशा अनेक कामांसाठी मदतीचे प्रयोग झाले आहेत. मानसिक आरोग्यसेवेसाठी मात्र असे प्रयोग त्या मानाने क्वचितच होतात. याचे कारण केवळ उदासीनतेत शोधता येणार नाही. इमारतीला कोनशिला बसवता येते, यंत्राचे उद्घाटन करता येते; परंतु नैराश्यातून हळूहळू सावरणाऱ्या माणसाचे उद्घाटन करता येत नाही. ज्या कार्याचे फलित डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी पैसा मागणे कठीण असते. त्यातच ज्या कुटुंबांसाठी तो मागायचा, ती कुटुंबे आपले दुःख चारचौघांत सांगण्यास धजावत नाहीत.

प्रस्तुत लेखात कलेच्या माध्यमातून मानसिक आरोग्यसेवेसाठी निधी उभारण्याच्या प्रक्रियेचा विचार केला आहे. महाराष्ट्रातील काही उदाहरणांच्या आधारे या प्रक्रियेच्या वाटा कोणत्या, तिच्या मर्यादा कोणत्या, आणि नाशिकसारख्या रंगपरंपरा लाभलेल्या शहराला तिचा उपयोग कसा करून घेता येईल, हे येथे तपासले आहे. लेखात दोन शब्द वारंवार येतील. मानसिक आजारातून वाटचाल करणारी व्यक्ती म्हणजे 'शुभार्थी' आणि तिची काळजी वाहणारी व्यक्ती म्हणजे 'शुभंकर'. हे दोन्ही शब्द महाराष्ट्रातील स्वमदत गटांत रुळलेले आहेत. 'वेडा' आणि 'वेड्याचे नातेवाईक' या शब्दांनी जे घाव घातले, त्यांवर फुंकर घालण्याचे काम या दोन शब्दांनी केले आहे.

गरजेचे स्वरूप

बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के व्यक्तींना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. विविध विकारांमध्ये उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. ज्या कुटुंबांनी उपचार घेतले, त्यांना औषधोपचार व प्रवास यांवर दरमहा सुमारे १,००० ते १,५०० रुपये पदरचे खर्च करावे लागत होते. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्यामुळे हे आकडे राज्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि गरजेचा अंदाज घेण्यास ते पुरेसे आहेत.

कायदा आणि शासकीय योजना यांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ मध्ये अंमलात आला व त्याने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन मिळते. मात्र हक्क कागदावर असणे आणि तो बजावण्यासाठी घराबाहेर पाऊल टाकणे यांत मोठे अंतर आहे. महाराष्ट्रातील येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चारही प्रादेशिक मनोरुग्णालये नाशिक विभागाच्या बाहेर आहेत. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखाद्या कुटुंबाला जिल्हा रुग्णालयापर्यंत यायचे तरी एका माणसाची मजुरी बुडते, प्रवासाचा खर्च होतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यावे लागते. औषध विनामूल्य असले तरी औषधापर्यंत पोहोचणे विनामूल्य नसते. उपचार मध्येच सुटतात ते बहुधा या टप्प्यावर.

तात्पर्य, मानसिक आरोग्यसेवेची गरज एकाच वेळी तिहेरी आहे. पहिली गरज पैशाची, दुसरी सातत्याने पाठपुरावा करणाऱ्या माणसांची, आणि तिसरी आजाराविषयी मोकळेपणाने बोलण्याची. कलेतून उभा राहणारा निधी या तिन्ही गरजांच्या संदर्भात तपासला पाहिजे.

परंपरेतील वाटा

कला आणि लोकवर्गणी यांची सांगड घालणारे सर्वांत प्रभावी उदाहरण संत गाडगेबाबांचे आहे. १८७६ ते १९५६ या त्यांच्या जीवनकाळात त्यांनी कीर्तनाला लोकशिक्षणाचे आणि लोकसेवेचे साधन बनवले. श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच बोलीत उत्तरे काढून घेत चालणाऱ्या या कीर्तनांमुळे जो लोकाश्रय मिळाला, त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, श्रोता प्रथम जागा होत असे आणि देणगी त्यानंतर येत असे. दुसरी, उभारलेल्या वास्तूंवर बाबांनी स्वतःचा किंवा कुटुंबाचा अधिकार ठेवला नाही. त्या विश्वस्तांच्या हाती सोपवल्या. कलेतून आलेल्या पैशाविषयी समाजाला विश्वास वाटावा, याचा हा वस्तुपाठच होय.

आधुनिक काळात या परंपरेला तीन वेगवेगळ्या वाटा फुटलेल्या दिसतात.

पहिली वाट म्हणजे कलावंताने आपल्या कलेच्या उत्पन्नातून केलेले दान. पु. ल. देशपांडे यांनी पुस्तके आणि रंगमंचीय प्रयोग यांतून मिळालेल्या उत्पन्नाचा मोठा भाग पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या द्वारे सामाजिक कार्याकडे वळवला. गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांविषयी डॉ. अनिल अवचट यांनी लिहिलेल्या लेखमालेने पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्या अस्वस्थतेतून दिलेल्या देणगीमुळे २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी त्या रुग्णालयाच्याच आवारात या केंद्राची उभारणी केली. केवळ व्यसनी व्यक्तीवर उपचार करून हे केंद्र थांबले नाही. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवून त्याने कुटुंबालाही उपचाराच्या कक्षेत घेतले. लोकांना हसवून मिळवलेला पैसा ज्या घरांतले हसू नाहीसे झाले होते तेथे पोहोचला, असे याचे वर्णन करता येईल. मात्र ही वाट प्रत्येकाला खुली नाही. तिच्यासाठी पु. लं.सारखा लोकप्रिय आणि दानशूर कलावंत लागतो.

दुसरी वाट सामूहिक आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या पुढाकाराने 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा राहिला. त्यासाठी नामवंत कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या विनोदी नाटकाचे प्रयोग राज्यभर केले. या उपक्रमाचा उद्देश मानसिक आरोग्यसेवेचा नव्हता. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देणे हा त्याचा हेतू होता. तरीही येथे त्याचा विचार आवश्यक आहे, कारण त्यामागील आर्थिक रचना अनुकरणीय आहे. प्रयोगांतून आलेली रक्कम खर्चून न टाकता तिचा मूळ निधी केला गेला आणि त्याच्या व्याजातून मानधन दिले गेले. शिवाय पैसा वास्तूला न देता माणसांना दिला गेला. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात माणूस हेच मुख्य साधन असल्याने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

तिसऱ्या वाटेवर हा क्रम उलटा होतो. येथे कलेतून निधी उभा राहण्याऐवजी निधीतून कलाकृती उभी राहते. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरातच स्किझोफ्रेनियाचा आजार होता. शुभंकर म्हणून आलेल्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. कॅल्गरीतील महाराष्ट्र सेवा समितीच्या द्वारे ते परदेशस्थ मराठी माणसांची मदत महाराष्ट्रातील कामांकडे वळवत होते. त्यांच्या पुढाकाराने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' हा चित्रपट निर्माण केला. २००४ च्या या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष हा स्किझोफ्रेनियाने ग्रस्त तरुण आहे आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली त्याची बहीण ही त्याची शुभंकर आहे. चित्रपट शेषच्या भ्रमांइतकाच बहिणीच्या थकव्याकडे, अपराधभावाकडे आणि हळूहळू येणाऱ्या समजुतीकडे पाहतो. त्यामुळे शुभंकरांना आपली कथा प्रथमच पडद्यावर दिसली. पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. याच दिग्दर्शकद्वयाच्या नैराश्यावरील 'कासव' या चित्रपटाला ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी एक होते. अशा चित्रपटांचे खेळ आणि त्यानंतरची चर्चा हा मानसिक आरोग्यविषयक लोकशिक्षणाचा एक मार्ग ठरला.

हिशेब

एका प्रयोगातून होणारी प्राप्ती आणि प्रत्यक्ष गरज यांचे प्रमाण समजून घेण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. समजा, ८०० आसनांचे नाट्यगृह पूर्ण भरले आणि तिकिटाचा सरासरी दर ३०० रुपये ठेवला, तर २,४०,००० रुपये जमा होतील. नाट्यगृहाचे भाडे, कलावंत व तंत्रज्ञांचे मानधन, प्रवास, जाहिरात आणि नाटककाराचे मानधन यांसाठी १,००,००० रुपये खर्च धरला, तर १,४०,००० रुपये शिल्लक राहतात. सर्वेक्षणातील दरमहा १,००० ते १,५०० रुपये या खर्चानुसार एका शुभार्थीचा वार्षिक खर्च १२,००० ते १८,००० रुपये होतो. म्हणजेच भरलेल्या नाट्यगृहाच्या एका रात्रीतून फार तर ७ ते ११ शुभार्थींचा एका वर्षाचा खर्च निघेल. स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवीय विकार यांसारख्या आजारांत उपचार अनेक वर्षे चालू ठेवावे लागतात. दुसऱ्या वर्षी या कुटुंबांनी काय करावे, या प्रश्नाला त्या रात्रीकडे उत्तर नसते.

हीच रक्कम मूळ निधी म्हणून ७ टक्के व्याजाने गुंतवली, तर वर्षाला ९,८०० रुपये मिळतील. एवढ्यात एकाही शुभार्थीचा वर्षाचा खर्च भागणार नाही. एका शुभार्थीसाठी कायमची तरतूद करायची, तर पावणेदोन लाखांपासून अडीच लाखांहून अधिक मूळ निधी लागेल. कृतज्ञता निधीसाठी एका प्रयोगाऐवजी राज्यभर प्रयोग का करावे लागले, हे या गणितावरून स्पष्ट होते.

तिसरा पर्याय माणसावर खर्च करण्याचा आहे. १,४०,००० रुपये १२ महिन्यांत विभागले, तर दरमहा सुमारे साडेअकरा हजार रुपये होतात. एवढ्या रकमेत एखाद्या प्रशिक्षित कार्यकर्तीला अर्धवेळ मानधन देता येईल. ती घरोघरी जाऊन औषधे चालू आहेत की नाहीत हे पाहू शकते, जिल्हा रुग्णालयातील तपासणीच्या तारखांची आठवण करून देऊ शकते, शुभंकरांचा मासिक गट चालवू शकते. शासनाची औषधे आणि डॉक्टर उपलब्ध आहेत. त्यांच्यापर्यंत नेणारा दुवा मात्र अनेकदा नसतो. दहा जणांच्या औषधांचा खर्च एक वर्ष उचलण्यापेक्षा कितीतरी अधिक कुटुंबांना शासकीय सेवेशी जोडून ठेवणे या मार्गाने शक्य होते. म्हणून छोट्या निधीचा सर्वांत फलदायी विनियोग माणसाच्या मानधनात आहे, आणि त्यासाठी दरवर्षी ठरावीक दिवशी, उदाहरणार्थ १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनी, प्रयोगाची पुनरावृत्ती होणे आवश्यक आहे. एका भव्य प्रयोगापेक्षा दहा वर्षे सलग होणारा साधा प्रयोग अधिक मोलाचा ठरतो.

प्रेक्षागृहातील शुभार्थी

वरील हिशेबात एक बाजू अद्याप आलेली नाही. ते ८०० प्रेक्षक कोण आहेत? मदतीच्या प्रयोगात सामान्यतः देणारे खुर्चीत आणि घेणारे दूर कोठेतरी असतात. पूरग्रस्तांसाठी तिकीट काढणाऱ्याचे घर बहुधा कोरडे असते. मानसिक आजारांच्या बाबतीत मात्र ही विभागणी टिकत नाही. १०.६ टक्के ही सरासरी केवळ अंदाजासाठी लावली, तरी ८०० प्रौढ प्रेक्षकांपैकी सुमारे ८५ जणांना त्या क्षणी एखादा मानसिक विकार असू शकतो आणि त्यांतील बहुसंख्यांनी कोणताही उपचार घेतलेला नसेल. त्यांच्या घरातील शुभंकरांची संख्या यात धरलेली नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी निधी गोळा करायचा, त्यांतील काही जण तिकीट काढून आत येऊन बसलेले असतात.

नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना कोणाला संकोच वाटत नाही. मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना वाटतो. जी व्यक्ती कधीही दवाखान्यात जाणार नाही, ती नाटक पाहण्यास सहकुटुंब येते. काळोखात बसून दुसऱ्याची म्हणून सांगितलेली आपलीच कथा पाहते. म्हणूनच अशा प्रयोगाचे खरे उत्पन्न तिकीटविक्रीच्या आकड्यापेक्षा मोठे असते. अर्थात ते हाती लागण्यासाठी पूर्वतयारी हवी. प्रयोगानंतर बोलण्यासाठी समुपदेशक उपस्थित असणे, प्रवेशपत्रिकेच्या मागे १४४१६ हा क्रमांक आणि जिल्हा रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाचे वार व वेळ छापणे, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. त्या केल्या नाहीत, तर हेलावलेला प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो आणि संधी वाया जाते.

कथेच्या या सामर्थ्याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजे स्पॅनिशभाषक स्थलांतरित, कुटुंबांमध्ये मानसिक उपचारांविषयी असाच संकोच आढळतो. मनाचा त्रास ते 'नेर्व्हिओस', म्हणजे नसांचा त्रास, या शब्दाने व्यक्त करतात. लॉस एंजेलिस येथील अभ्यासकांनी या समाजात लोकप्रिय असलेल्या 'फोटोनोव्हेला' या छायाचित्रकथेच्या प्रकारात नैराश्याने ग्रासलेल्या एका आईची कथा तयार केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही कथा वाचणाऱ्या गटाची माहितीपत्रक वाचणाऱ्या गटाशी तुलना करण्यात आली. आजाराविषयीचे ज्ञान दोन्ही गटांत वाढले; उपचारांविषयीची लाज मात्र कथा वाचणाऱ्या गटात अधिक प्रमाणात कमी झाली. माहिती देण्याचे काम पत्रकही करते. संकोच घालवण्यासाठी मात्र कथा लागते, असा याचा अर्थ घेता येईल.

नाशिकची रंगपरंपरा आणि बोलींचा प्रश्न

नाशिकच्या दृष्टीने हा विषय परका नाही. मराठी रंगभूमीवर मनाच्या विकलतेला मध्यवर्ती स्थान देणारी दोन महत्त्वाची नाटके या शहरात वास्तव्य केलेल्या नाटककारांची आहेत. हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या वसंत कानेटकर यांचे पहिले नाटक 'वेड्याचं घर उन्हात' १९५७ मध्ये रंगभूमीवर आले. वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये आले. पहिल्यात कुटुंबप्रमुखाच्या मनोविकृतीचे, तर दुसऱ्यात उतारवयातील अवहेलनेने खचत जाणाऱ्या नटाच्या मनाचे चित्रण आहे. दोन्ही नाटकांत प्रमुख भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू पेशाने कान-नाक-घसा तज्ज्ञ होते, आणि पुढे त्यांनीच कृतज्ञता निधीसाठी पुढाकार घेतला. शिरवाडकरांनी १९५० मध्ये नाशिकमध्ये लोकहितवादी मंडळाची स्थापना केली होती. तेव्हा नाटक आणि लोकहित यांचे नाते या शहराला नव्याने शिकवावे लागणार नाही. शहरात महाकवी कालिदास कलामंदिर आहे, हौशी नाट्यसंस्था आहेत, १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही आहे. कला आणि आरोग्य यांची साधने एकाच शहरात असूनही त्यांची गाठ नियमितपणे पडत नाही, ही उणीव होय.

तथापि नाट्यगृहापुरता विचार केल्यास जिल्ह्याचा मोठा भाग बाहेर राहील. मालेगाव, सटाणा, कळवण, देवळा या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते. सुरगाणा, पेठ, कळवण भागांत कोकणा, तर पश्चिमेकडे वारली बोली आहे. मालेगावात उर्दूभाषक समाज मोठा आहे. द्राक्षहंगामात पेठ-सुरगाण्याकडील मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तर भारतातून आलेली कुटुंबे राहतात. मनाचे दुःख माणूस आपल्या बोलीतच सांगतो आणि ते बहुधा शरीराच्या भाषेत सांगतो. 'जीव घाबरतो', 'डोकं जड होतं', 'काही गोड लागत नाही', 'बाहेरचं झालंय' या तक्रारींच्या आड नैराश्य, चिंताविकार किंवा त्याहून गंभीर आजार असू शकतो. प्रमाण मराठीतील भित्तिपत्रकावर छापलेला 'नैराश्य' हा शब्द वाचून यांपैकी किती जण तो आपल्याविषयी आहे असे समजतील, हा प्रश्नच आहे. लॅटिनो कुटुंबांच्या बाबतीत जी अडचण भाषेने निर्माण केली, तीच येथे बोलींनी निर्माण केली आहे. आणि उपायही तोच आहे. भारूड, कीर्तन, तमाशातील बतावणी, आदिवासी भागातील बोहाडा या प्रकारांत स्थानिक कलावंतांनी स्वतःच्या बोलीत बांधलेले प्रयोग शहरातील नाट्यगृहात जमलेल्या निधीतून गावोगावी करता येतील. शहरातील प्रयोग निधी मिळवील आणि गावातील प्रयोग विनामूल्य राहून माणसे मिळवील, अशी ही दुहेरी रचना असू शकते.

काही पथ्ये

असा उपक्रम हाती घेताना काही पथ्ये पाळणे अत्यावश्यक आहे. पहिले पथ्य प्रतिष्ठेचे. देणगी वाढावी म्हणून शुभार्थीला मंचावर आणून त्याच्या दैन्याचे प्रदर्शन करणे अनुचित आहे. उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देण्यास २०१७ च्या अधिनियमाने मनाई केली आहे. शुभार्थीला स्वतः गाणे, अभिनय वा चित्र सादर करायचे असेल, तर त्याचे स्वागतच व्हावे. पण त्या वेळी त्याची ओळख कलावंत म्हणून करून द्यावी, उदाहरण म्हणून नव्हे.

दुसरे पथ्य संहितेच्या निवडीचे. वेडेपणाला हशाचा विषय करणारी किंवा मानसिक आजार आणि हिंसा यांची सरसकट सांगड घालणारी संहिता या कामासाठी घेतल्यास एका हाताने जमवलेले दुसऱ्या हाताने उधळल्यासारखे होईल. याचा अर्थ नाटक गंभीरच हवे असा नाही. कृतज्ञता निधी विनोदी नाटकावर उभा राहिला, हे विसरता येत नाही. विषय आजाराचा नसला तरी चालेल. त्याने आजारी माणसाचा उपहास मात्र करू नये. आत्महत्येचा प्रसंग असलेली संहिता निवडल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेणे आणि प्रयोगाच्या ठिकाणी मदतीची सोय ठेवणे अगत्याचे आहे.

तिसरे पथ्य हिशेबाचे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये धर्मादाय कारणासाठी पैसा गोळा करण्यासंबंधी तरतुदी आहेत. त्यामुळे नोंदणीकृत संस्थेच्या द्वारे निधी उभारणे श्रेयस्कर ठरते. जमा, खर्च आणि विनियोग यांचा तपशील प्रेक्षकांना पुढील प्रयोगाच्या वेळी छापील स्वरूपात दिला, तर विश्वास वाढतो. कलावंतांनाही गृहीत धरू नये. स्थानिक वादक, प्रकाशयोजनाकार, नेपथ्य उचलणारे कामगार यांनी विनामोबदला काम करावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे एका गरजू घटकासाठी दुसऱ्याकडून सक्तीची वर्गणी घेणे होय.

महाविद्यालयांची भूमिका

या सर्व प्रक्रियेत महाविद्यालये नैसर्गिक दुवा ठरू शकतात. त्यांच्याकडे सभागृह आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आहेत, स्नेहसंमेलन आणि एकांकिका स्पर्धांतून तयार झालेले विद्यार्थी कलावंत आहेत. मानसशास्त्र विभाग संहितेची तपासणी व प्रयोगोत्तर चर्चेची आखणी करू शकतो, मराठी विभाग बोलीतील संहितालेखनास मार्गदर्शन करू शकतो, वाणिज्य विभाग निधीचा हिशेब व लेखापरीक्षण पाहू शकतो, आणि अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभाग विनियोगाच्या परिणामांचा अभ्यास करू शकतात. किती कुटुंबे वर्षअखेरीस उपचारांत टिकून राहिली, हा त्या अभ्यासाचा मुख्य निकष असावा; किती तिकिटे खपली, हा नव्हे.

महाविद्यालयाला याची स्वतःचीही गरज आहे. प्रेक्षागृहातील शुभार्थीविषयी जे वर म्हटले, ते वर्गखोलीलाही लागू आहे. एकाएकी गैरहजर राहू लागलेला विद्यार्थी, घरातील शुभार्थीची देखभाल करून उशिरा येणारी विद्यार्थिनी, स्वतः खचलेला सहकारी, हे प्राध्यापकांच्या नित्य परिचयाचे आहेत. त्यांच्या वर्तनाचे कारण विचारण्याऐवजी हजेरीपटावर लाल शेरा मारणे सोपे असते. नाटकाच्या तालमीच्या निमित्ताने हा विषय महाविद्यालयाच्या आवारात उघडपणे बोलला जाऊ लागला, तर निधी जमण्यापूर्वीच त्याचे पहिले लाभार्थी मिळालेले असतील.

समारोप

कलेतून उभा राहणारा निधी शासनाच्या जबाबदारीला पर्याय ठरू शकत नाही. वर मांडलेला हिशेबच ते स्पष्ट करतो. मनोरुग्णालये, औषधे व तज्ज्ञ पुरवणे हे शासनाचे कर्तव्य असून कायद्याने ते मान्य केले आहे. तथापि औषधापर्यंत माणसाला नेणारा माणूस, आणि घराच्या चार भिंतींत कोंडलेले दुःख बोलण्यास मिळणारी मोकळीक, या दोन गोष्टी समाजानेच द्यावयाच्या आहेत. गाडगेबाबांच्या कीर्तनाने श्रोत्याला जागे करून मग हात पुढे केला, पु. लं.च्या देणगीने कुटुंबाला उपचारात सामावणारे केंद्र सुरू केले. कृतज्ञता निधीने पैसा माणसांवर लावला. 'देवराई'ने शुभंकराला पडद्यावर आणले. या चारही उदाहरणांतील मर्म एकत्र केले, तर मानसिक आरोग्यसेवेसाठीच्या प्रयोगाची दिशा निश्चित होते. प्रयोग एका संध्याकाळी संपतो, शुश्रूषा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू होते. त्या सकाळी शुभंकराच्या दारात कोणीतरी विचारपूस करायला उभे राहिले, तरच आदल्या संध्याकाळची टाळी सार्थकी लागली असे म्हणता येईल.